मास्तरांच्या गालावरचा तीळ

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालो, आमच्या घराण्यात पहिलाच. असल्या गोष्टींवर विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. घडलं तेवढं लिहितो.

महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात तळोद्याला आमचे ड्रॉइंग मास्तर वारले. माझं गाव लांब, म्हणून त्यांनी मला चार वर्षं घरी ठेवून शिकवलं होतं... त्यांच्यामुळेच मी कॉलेज पाहिलं. फोटो त्यांनी कधी काढून घेतला नाही. म्हातारपणी मात्र आरशासमोर बसून स्वतःचं तेलरंगातलं चित्र केलं. तेवढंच त्यांचं रूप मागे उरलं.

त्यांना लहानाचं मोठं केलेली थोरली बहीण, जिजी, चित्र पाहून म्हणाली, "हाऊ मन्हा भाऊ नही. त्यान्हा तीळ उजवा गालवर व्हता."

चित्रात तो डाव्या गालावर होता. मास्तरांनी आरशात दिसलं तसंच काढलं होतं. मी म्हणालो, "जिजी, आरसामा उलटं दिखस."

"मी काय त्याले आरसामा मोठं करं का? परका माणूस मन्हा भितवर नको. राखसंगे हाईबी तापीमा सोडी दे."

दहाव्याला सकाळी मी चित्र जुन्या धोतरात गुंडाळून सुतळीने बांधलं. बांधताना पुन्हा पाहिलं – तीळ डाव्या गालावरच. तापीकाठच्या प्रकाश्यापर्यंत बैलगाडीत ते माझ्या मांडीवर होतं, एकदाही खाली ठेवलं नाही.

घाटावर अस्थी सोडून झाल्या. जिजी म्हणाली, "आते ते सोड." मला ते सोडवेना. शेवटचं पाहून घ्यावं म्हणून सुतळी सोडली.

तीळ उजव्या गालावर होता.

डाव्या गालावरून बोट फिरवलं. खरवडल्याची खूण नाही. तेलरंग वाळायला आठवडा तरी लागतो; नवा तीळ पूर्ण कोरडा होता.

जिजीने चित्रावर वाकून पाहिलं. "जलमभर मन्हं एक आयकं नही," ती म्हणाली, "मरीसन आयकी ऱ्हायना." मग माझ्या हातातलं धोतर ओढून तिने चित्र स्वतःच गुंडाळलं.

आता ते तिच्या भिंतीवर आहे. मी आठवणीत चूक धरून पाहिली, उन्हाची तिरीप धरून पाहिली... काहीच बसत नाही. हे कशामुळे झालं, मला आजही माहीत नाही. चित्र तापीत गेलं नाही, तेवढं मला पुरलं; त्यापलीकडे मी फारसं शोधलंही नाही.