मुमताजआपा आणि हिंगोलीच्या गल्लीतले फुटके दिवे

“हिंगोलीला? तिथे काय आहे?” घरातल्या प्रत्येकाने विचारलं. मला कोणी “कशाला?” म्हटलं की माझी बॅग भरलीच म्हणून समजा. शिवाय तिथे बँकेत बदली झालेली माझी मैत्रीण कुणा मुमताजआपांचं इतकं कौतुक करत होती की मला संशयच यायला लागला होता. वाया चाललेल्या पोरांना या बाई म्हणे ताळ्यावर आणतात. आणि धंदा काय, तर बांगड्या भरण्याचा!

पुण्याहून रात्रीची रेल्वे, सकाळी परभणी, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकीचा हक्क मी पुरता बजावला. हट्टा गावाच्या आसपास उकडलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा वास थेट बसमध्ये शिरत होता. औंढ्याला ‘पाच मिनिटं’ थांबलेली बस ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत हलली नाही. तेवढ्यात मी दोन प्लेट भजी संपवली, तेव्हा माझी काही तक्रार नाही. हिंगोलीत लॉज हजाराच्या आत मिळतो. पैसे देण्याआधी पंखा मात्र लावून बघा.

आपांचं दुकान बाजारात, जेमतेम दोन बायका बसतील एवढं. मी फोटो काढायला गेले होते. “फोटो नंतर. हात दे, बेटा,” म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि दाबत दाबत बांगड्या चढवायला घेतल्या. हात त्यांच्या मुठीत, त्यामुळे पळता येत नाही. दुखतं, म्हणून माणूस बोलत सुटतं. सहाव्या बांगडीला मी माझ्या सासूबाईंविषयी जे सांगितलं, ते इथे छापता येणार नाही.

गल्लीतल्या आयांचंही असंच होतं. कोणाचं पोरगं मटका खेळतं, कोण पिऊन आलं, सगळं आपांना कळतं. त्या कोणाच्या घरी ओरडायला जात नाहीत. पोराला बोलावतात, चहा पाजतात आणि नियम सांगतात: ज्याची बोंब मारशील, ती तक्रार घेऊन पालिकेत तूच जायचं. नाली तुंबली? जा. नळाला पाणी नाही? जा.

“रिकामं बसून राहिलं की लेकरू बिघडतं,” आपा म्हणाल्या. “साहेबाच्या दारात उभं ऱ्हायलं की दुसऱ्याची तकलीफ बराबर कळती.”

दुसऱ्या दिवशी आपांच्या या पोरांपैकीच एक, विशाल, मला रिक्षातून नरसी नामदेवला, संत नामदेवांच्या जन्मगावी, घेऊन गेला. विशी ओलांडलेला, पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारा आणि दिवसा मित्राची रिक्षा चालवणारा. दर्शन निवांत झालं. बाहेर भाकरी-ठेचा खाताना माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“ताई, रडून राहिल्या काहून?”

“ठेचा! पण तू का जेवत नाहीस?”

उद्या पालिकेच्या साहेबांबरोबर गल्लीची बैठक होती, त्याने सांगितलं. शिकवणीहून येणाऱ्या पोरींना अंधारातून यावं लागतं, म्हणून रस्त्यावर दिवे मागायचे होते, आणि बोंब विशालनेच मारली होती.

“मग घाबरतोस कशाला?”

“दिवे मीच फोडले होते, ताई. अंधारात पत्ते खेळायला बरं म्हणून.” तो भाकरीकडे बघत होता. “केस झाली तर भरती गेली. मायनं लई आस लावलीय.”

संध्याकाळी आपांकडे जेवायला होते. विशालचं गुपित न फोडता मी म्हटलं, “उद्या त्याच्याऐवजी तुम्हीच बोला ना.” आपा म्हणाल्या, “बोंब त्यानं मारली, तोच बोलंल.” मला त्यांचा रागच आला. खिचडी आणि तिच्यावर ओतायचा तिळा-चिंचेचा खट्टा फार सुंदर होता, म्हणून ताट पुसून मगच रागावले.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. विशालने दिवे मागितले. पालिकेचे साहेब म्हणाले, “चार बसवले होते, एक तरी ठेवला का? आधी फोडणाऱ्याचं नाव सांगा. केस करतो, मग दिवे.”

मी मनात म्हणत होते, गप्प बस रे बाबा.

“मीच फोडले, साहेब,” विशाल म्हणाला.

साहेबांनी पेन उघडलं आणि त्याच्या आईने दोन्ही हात जोडले. मागून बुरख्यातली एक बाई उठली. “त्या एकट्याचं नाव काहून लिहिता? माझ्या पोरानंबी फोडलाय.” तिच्या शेजारची डोक्यावरचा पदर सावरत उठली. “अगं बया, तुझ्याबी? मला वाटलं, माझाच एक दिवटा!” मग तिसरी, चौथी. दोन वर्षं प्रत्येकीने एकट्या आपांच्या कानात सांगितलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की गल्लीत आपलंच पोरगं तेवढं वाईट. दिवे चार आणि उभ्या राहिलेल्या आया सात. आपा छताकडे बघत होत्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “एवढे दिवे तर आमी बसवलेच न्हाईत!”

हॉल हसून हसून लोळला. केस झाली नाही. नव्या दिव्यांची राखण मात्र त्याच पोरांच्या गळ्यात पडली.

बाहेर मी आपांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, मग आधीच का नाही बोललात?”

“मी बोलले असते, तर त्याच्यापाशी बोलायला काय ऱ्हायलं असतं?”

पुण्यात परतून आता महिना होत आला. परवा विशालचा फोन आला. दिवे लागले, भरतीची मैदानी चाचणी अजून व्हायचीय. “पण ताई, आता घरी उशिरा यायला अंधाराचा बहाणाच ऱ्हायला न्हाई!” मी खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र तो हॉल पुन्हा डोळ्यांपुढे आला. मागे सात आया उभ्या राहतील, हे विशालला बोलताना माहीत नव्हतं. तो एकटाच उभा होता.