वाट सोडणारा रोबो

प्रयोगशाळेत लाकडी फळ्या उभ्या करून आम्ही एक अरुंद बोळ केला आहे. त्यातून एका वेळी एकच रोबो जाऊ शकतो. माझे दोन रोबो तिथे हमखास अडकतात. दोघेही थांबतात आणि मग दोघेही एकदमच निघतात. आज नीलिमाचे रोबो तसेच समोरासमोर आले. त्यातला एक क्षणभर थबकला, हलकेच मागे सरकला आणि त्याने दुसऱ्याला वाट करून दिली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण त्याआधी त्याचं चाक घसरावं असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. मागे सरकताना त्या यंत्राला काहीच वाटलं नसेल. दोघांनी पोचायचं, एवढंच त्याला ठाऊक. मला मात्र तिथे उभं राहणंसुद्धा जड जात होतं.

नीलिमा आणि मी पाच वर्षं शेजारी बसून काम करतो. ती धावतच माझ्याकडे आली.

"अगं, हे तुझ्याच वहीवरून सुचलं मला! मागे सरकायला किती जागा लागते, ते तूच मोजून ठेवलं होतंस. शोधनिबंधावर तुझंही नाव घालते हं."

"छे गं, माझं कसलं नाव! सगळं तुझंच आहे," मी म्हणाले.

आमचे सर ऐकत होते. "केवढं मोठं मन आहे हिचं," ते म्हणाले.

मी हसले. खरं तर तिच्या नावाखाली माझं नाव छापलेलं बघायची माझी तयारी नव्हती, एवढंच.