विम्याच्या माणसानं आणलेली बातमी

मैत्रिणींनो, आज दुपारी विम्याचा एजंट दारात आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, तुमचं मालक वारले. परवा, आजऱ्यात."

"माझे मालक नव्हेत ते," मी म्हणाले.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच साली आमचा घटस्फोट झाला. लेकीच्या, शकूच्या, पोटगीला तारण म्हणून वकिलांनी त्यांना स्वतःच्या आयुष्याचा विमा तिच्या नावानं उतरवायला लावला. तेव्हा ते कोर्टाच्या आवारात ओरडले होते, "मी मरायची वाट बघतीस व्हय?"

मी वाट पाहिली नव्हती. पण आज रडूही आलं नाही. त्यांच्या घरून कुणी कळवलंसुद्धा नाही.

"पोरगी शिकंल की आता," एजंट म्हणाला.

शकू शाळेतून आल्यावर तिला सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि भाकरी खाल्ली.

शेजारच्या आक्का येऊन म्हणाल्या, "पोरीला सुतक हाय. तुला न्हाय."

संध्याकाळी शकू नेहमीसारखी देवाजवळ दिवा लावायला उठली आणि मध्येच थांबली. मग मी लावला.

एका चुलीवर जेवणाऱ्या आम्ही दोघी, आणि सुतक एकीलाच. आता तिच्याशेजारी बसायचं तर मी कोण म्हणून बसू? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा.