फोल्डर माझ्याकडे, कागद गावात

फाइल पहिल्यांदा हरवली तेव्हा मी अर्ज लिहिला. दुसऱ्यांदा हरवली तेव्हा पत्रक काढलं. पत्रक जहाल होतं, फाइल काही सापडली नाही.

एका गावाचा आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क त्या फाइलीत होता. म्हाताऱ्यांचे गोंडीतले जबाब, बांबूच्या बेटांचे नि बोडीचे, म्हणजे गावच्या लहान तळ्याचे, फोटो, हातानं काढलेला शिवेचा नकाशा. सरकारी कार्यालय म्हणालं, पुन्हा द्या. जबाब दिलेले दोन म्हातारे तोवर गेले होते. ते काय पुन्हा येऊन सांगणार होते?

मूळ कागद गावानं सोडले नव्हते म्हणून निभावलं. ते सगळे ग्रामसभेच्या लॅपटॉपवर स्कॅन झाले. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर घेऊन जाते. गावच्या वनहक्क समितीच्या सचिव बाई सकाळी मोहफुलं वेचून मग स्कॅनिंगला बसायच्या. त्या सरळ म्हणाल्या, "पोरी, तू चांगली हायेस. पण कागद गावचे हायेत. गावातच राह्यतीन."

मला राग आला. ज्यांच्यासाठी मी उन्हातान्हात फिरते, त्यांचाच माझ्यावर भरवसा नाही! आता लिहायला लाज वाटते, पण आला होता.

भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेल्या एका कंप्युटरवाल्या मित्रानं तोड काढली. गावच्या लॅपटॉपवरचं फोल्डर त्यानं इंटरनेटवरून थेट माझ्या लॅपटॉपला जोडून दिलं, मधे कुठल्या कंपनीचं ऑनलाइन गोदाम नाही. याला तो 'माउंट करणं' म्हणतो. पडद्यावर ते माझ्याच डिस्कवरचं फोल्डर वाटायचं. उघडा, वाचा. पण फाइली असायच्या बाईंच्या टेबलावर, आणि तिकडे लॅपटॉप बंद झाला की इकडे फोल्डर रिकामं. प्रत काढायची तर बाईंना विचारून.

सुनावणीला त्या कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "कुठी हाय तुमचा पुरावा?" मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी जबाब पाहिले, नकाशा मोठा करून पाहिला. मग खणातून पेन ड्राइव्ह काढला.

"सगळं यात टाका. तपासून कळवतो."

"पोच?"

"पेन ड्राइव्हची पोच कोन देते म्याडम? तुम्ही आंदोलनवाले, तुमचा कोनावरच विश्वास नाई."

"दोनदा ठेवला होता," मी म्हटलं आणि बाईंना फोन लावला. स्पीकरवर.

साहेब फोनकडे झुकले. "बाई, सरकारी काम हाय. अडवू नका."

"अडवून नाई राह्यली साहेब. पोच नाई, त कागद नाई."

"अवो, कागद त माह्या समोर हायेत!"

"हायेत का?"

साहेबांनी पुढची फाइल दाबली. उघडेना. दुसरी दाबली. मग फोल्डरच रिकामं झालं, फोनही कटला. "काय केलं हो तुम्ही?"

"मी काहीच नाही. गावानं लॅपटॉप बंद केला."

साहेबांनी पेन उचललं. 'पुरावा सादर केला नाही' एवढं त्यांनी लिहिलं असतं तर दावा तिथेच संपला असता. तरी म्हटलं, "लिहा. पण पुरावा तुम्ही स्वतः पाहिला आणि पोच नाकारली, हेही लिहा. मी त्याची नक्कल घेऊनच उठेन." मागच्या टेबलावरचा बाबू खोकला. त्यानंही सगळं पाहिलं होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"लावा परत फोन."

बाईंनी आधी मलाच विचारलं, "काय म्हनते थो?"

"पोच देतो म्हणतात."

"मंग एकेका कागदाचं नाव लिवाले सांग. मोघम नाई चालत."

फोल्डर पुन्हा भरलं. मी नावं वाचत गेले, साहेब लिहीत गेले. गोंडी नावं ते चुकवायचे आणि बाई फोनवरून दुरुस्त करायच्या. शिक्का उमटल्यावर पोचेचा फोटो पाठवला. बाईंनी बोडीचा एक फोटो राहिल्याचं दाखवलं, साहेबांनी तो दोन ओळींमधे कसाबसा घुसवून बाजूला सही केली. मग बाई म्हणाल्या, "दे आता प्रत."

दावा अजून मंजूर झालेला नाही. पण 'फाइल सापडत नाही' हे त्या टेबलावरून पुन्हा ऐकू आलेलं नाही. येऊ दे. आम्ही पुन्हा जाऊ, आणि यादीतला कुठला कागद कुठे गेला ते नावानिशी विचारू.