निवारा केंद्रातलं लग्न

चामराजपेटेतलं आमच्या समाजाचं मंगल कार्यालय गेली बरीच वर्षं मी सांभाळतो. म्हणजे चाव्या माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याकडे. आवाज दांडगा असल्यामुळे मंगलाष्टकंही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतात. आजवर इतक्या लग्नांत मी 'सावधान' म्हणून ओरडलोय की एकदा तरी कुणी ऐकायला हवं होतं.

दोनेक वर्षांपूर्वी पालिकेच्या एक मॅडम आल्या. तरुण, कामसू, बुटांना नेहमी चिखल. वॉर्डाचा आपत्ती आराखडा करायचं काम त्यांच्याकडे होतं. पूर आला, घर पडलं, तर माणसांना ठेवायचं कुठे? शाळा सखल भागात, समुदाय भवनाचं छत गळतं, म्हणून आमचं कार्यालय. मी त्यांना ते म्हैसूरचा राजवाडा दाखवावा तसं दाखवलं. खाली लग्नाचा हॉल, वर पंगतीचा हॉल, अंगणात भटारखाना, वधूपक्षाच्या खोलीत गिझर. त्यांनी संडास मोजले, नळ मोजले आणि बाहेर पडायचे मार्ग किती, असं विचारलं. दोन, मी छाती काढून सांगितलं. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर उघडतं, मागचं उतारावरच्या गल्लीत, नाल्याकडे. दोन्हींपुढे खूण झाली.

नाला फुटला तर पाणी त्याच गल्लीतून येईल, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आणि त्या दिवशी इथे लग्न असलं तर काय, हेही नाही. जणू आपत्ती पंचांग पाहून, मुहूर्त नसलेला दिवस गाठून येते. गेटवर निळी पाटी लागली, कानडीत आणि इंग्रजीत, तात्पुरतं निवारा केंद्र. कमिटीनं तिच्याखाली फोटो काढून घेतला. पुढे नवरानवरीही तिथेच फोटो काढू लागले, कारण उजेड तिथे बरा पडतो.

मग गेल्या वर्षी, नोव्हेंबरात, तो पाऊस आला.

दुपारी काळोखी झाली ती संध्याकाळपर्यंत हटली नाही. हॉलमध्ये सीमंतपूजन चाललं होतं. वधूपक्ष बनशंकरीचा, तीन पिढ्या इथलाच. मराठी बोलताना मध्येच 'बरं, बरं'ऐवजी 'सरी, सरी' म्हणणारा. वरपक्ष पुण्याहून इथे येऊन आयटीत स्थिरावलेला, आणि खास लग्नासाठी पुण्याहूनच आलेला नवऱ्या मुलाचा मामा. हा मामा हॉलमधल्या पंख्यांच्या आवाजाचीसुद्धा तक्रार करत होता. अशात मॅडमचा फोन. नाल्याची भिंत गेली, खालच्या गल्ल्यांत छातीइतकं पाणी आहे, केंद्र उघडा. मी म्हटलं, मॅडम, इथे जावयाचे पाय धुणं चाललंय. त्या म्हणाल्या, मी गेटवरच उभी आहे, सर.

गेटवर त्यांच्यामागे साठ-सत्तर माणसं होती. भिजलेली, गप्प. कुणाच्या डोक्यावर गॅसची शेगडी, कुणाच्या काखेत टीव्ही, एका बाईच्या हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन कोंबड्या. नवरीच्या बापानं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि आचाऱ्याला भात वाढवायला सांगितला. भला माणूस होता तो, हे मी आधीच सांगून ठेवतो. मामांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो मॅनेजर, हे आपल्या बुकिंगमध्ये होतं का?"

मी म्हटलं, नाही, ही आमच्याकडून भेट.

लग्नाच्या पंगती खालीच मांडायचं ठरलं आणि माणसं वरच्या हॉलमध्ये गेली. त्यांत एक म्हातारी होती. अग्निशमन दलाच्या रबरी होडीतून तिला मागच्या दाराशी आणली होती. तिची मुलगी चाळिशीची, ब्लाउज शिवून घर चालवणारी, दोघींना तिसरं कुणी नाही. पोटमाळ्यावर बसून दोघींनी पाणी चढताना पाहिलं होतं. म्हातारीला दम्याचा विकार, औषधं घराबरोबर बुडालेली. पालिकेचा डॉक्टर आला, छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि हिला दवाखान्यात हलवा म्हणाला. मॅडमनी अँब्युलन्स मागवली. नियंत्रण कक्षातून दर वेळी तेच उत्तर यायचं, नोंद आहे. खोटं नव्हतं ते. शहरभर गाड्या पाण्यात अडकल्या होत्या आणि नोंदी मात्र कोरड्या जागी बसून वाढत होत्या.

सकाळी, खाली नवरीकडचं घाणा भरणं चालू असताना, वर म्हातारी गेली. सनईच्या आवाजात मॅडमना ते सांगायला त्या मुलीला दोनदा ओरडावं लागलं.

आता कार्यालयाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वरून खाली येणारा जिना उतरतो तो थेट स्टेजच्या बाजूला. तिथून पुढच्या दाराकडे जायचं तर वऱ्हाडाच्या मधून. मागच्या दाराच्या पायरीला पाणी लागलेलं आणि बाहेर ती रबरी होडी बांधलेली. म्हणजे प्रेत बाहेर काढायचं तर मांडवातून, नाहीतर पाण्यातून.

आमच्या कमिटीच्या चिटणिसांनी लगेच होडी सुचवली. गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला शववाहिनी उभी करू, कुणाला कळणारही नाही. मागचं दार आराखड्यात आहेच, असंही ते म्हणाले. ती मुलगी आईच्या उशाशी बसली होती. चिटणिसांचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"अण्णा, त्या पाण्यातून तिला एकदा ओढून काढलीय. परत त्यात घालणार नाही. अम्मा समोरच्या दारानं जाईल, तोंड उघडं ठेवून."

त्यांच्या गल्लीत माणूस जातं तेव्हा दोन्ही बाजूंना लोक उभे राहतात, शेवटचं तोंड पाहतात. आता गल्ली नव्हती, दार नव्हतं, उंबरा नव्हता. हे एवढंच मागणं उरलं होतं.

मी खाली जाऊन नवरीच्या बापाला सांगितलं. तो भटारखान्यामागे पाण्याच्या पिंपावर बसला. मुलीचं आधी एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुहूर्ताआधी मांडवातून प्रेत गेलं तर मामा काय करतील, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मग तो उठला, फेटा काढून हातात घेतला आणि वर आला. त्या मुलीसमोर तो खाली बसला. म्हणाला, "अक्का, अक्षता पडेपर्यंत."

तिनं आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तोवर मी रडणार नाही. कुणी रडणार नाही. पण नंतर समोरूनच."

आयुष्यात मी बरीच नाटकं केली, पण वरच्या मजल्यावर त्या सकाळी झालं तसं पाहिलं नाही. साठ-सत्तर माणसं एका प्रेताभोवती बसलेली आणि चिटपाखराचा आवाज नाही. आयांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले होते. कोंबड्यांच्या पिंजऱ्यावर चादर टाकली होती. खाली मी मंगलाष्टकं म्हटली. इतक्या जोरात म्हटली की मामासुद्धा खूश झाले. वरून एखादा हुंदका आलाच तर माझ्या आवाजाखाली दबावा, एवढाच माझा हिशेब. हुंदका आला नाही.

अक्षता पडल्या. शववाहिनी रस्त्यावर येऊन थांबली होती. मी नवरीच्या बापाकडे पाहिलं.

तो म्हणाला, सप्तपदी होऊ दे, अण्णा, त्याशिवाय लग्न लागलं असं होत नाही. खरं होतं. मी वर जाऊन सांगितलं. तिनं मान हलवली. सप्तपदी झाली. मग तो म्हणाला, वरपक्षाची पंगत उठू दे, भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं? तेही खरं. मी परत वर गेलो. या खेपेला तिनं मान हलवली नाही. पंगत उठली, फोटो सुरू झाले. तो हात जोडून म्हणाला, स्वल्प थांबा, आता वरातच निघेल. या माणसाच्या प्रत्येक वाक्यात तथ्य होतं. वर म्हातारीचं तोंड काळवंडत चाललं होतं, त्यातही तथ्य होतं. शववाहिनीचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा आत येऊन सांगून गेला की त्याला आणखी दोन ठिकाणी जायचंय.

मी पुन्हा जिन्याकडे निघालो तर मॅडम जिन्यातच उभ्या. कालच्याच ओल्या कपड्यांत. मी काय सांगायला निघालोय ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. त्या मला ओलांडून खाली उतरल्या आणि सनईवाल्याला हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. कानडीत म्हणाल्या, "कालपासून हे निवारा केंद्र आहे. लग्न इथे माझ्या परवानगीनं चाललंय. दारी बिडी."

मामांनी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतायत. शेजाऱ्यानं सांगितलं, वाट द्या म्हणतायत.

आणि ते जिन्यातून आले. पंगतीच्या लाकडी फळीवर म्हातारी, चार शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, तोंड उघडं. मागे तिची मुलगी, मुलीमागे वरची सगळी माणसं, अनवाणी. स्टेजवरची नवरी उठून उभी राहिली. नवऱ्या मुलानं एकदा मामाकडे पाहिलं आणि मग तोही उठला. मामा छताच्या झुंबराकडे बघत राहिले. मधल्या वाटेत फोटोवाल्याच्या खुर्च्या होत्या. नवरीच्या बापानं त्या स्वतः उचलून बाजूला केल्या, एकेक करून, शेवटची होईपर्यंत. त्याच्याजवळून जाताना म्हातारीच्या मुलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना भरजरी साड्या आणि फेटे उभे होते. तिला हवं होतं तसं झालं का, हे मी विचारलं नाही. अनोळखी माणसं होती ती, पण उभी होती.

लग्न मोडलं नाही. मामा मात्र वरातीला न थांबता गेले.

दिवस मावळायच्या सुमाराला शववाहिनीनं तिला गेटवर आणून सोडलं. दुसरं सोडायचं तरी कुठे? मी आत चला म्हटलं. ती हलेना. मी पुन्हा म्हटलं.

"स्मशानातून आलेय, अण्णा. अंघोळ केल्याशिवाय कशी येऊ?"

आराखड्यात संडास होते, नळ होते, झोपायची जागा माणशी मोजून होती. मढं पोचवून परतलेल्या माणसानं अंघोळ कुठे करायची, हे कुठेच नव्हतं. माझ्याही डोक्यात नव्हतं. मी तिला बाहेरच्या बाजूनं वधूपक्षाच्या खोलीत नेलं. खोली रिकामी झाली होती. जमिनीवर हळद सांडलेली, आरशावर टिकल्या चिकटलेल्या. मी गिझर लावला, आचाऱ्याच्या बायकोनं एक कोरी साडी आणून ठेवली, आणि आम्ही बाहेर आलो.

नळ सुरू झाला. थोड्या वेळानं पाण्याच्या आवाजातून दुसरा आवाज येऊ लागला. सकाळपासून कोंडलेला, आधी घोगरा, मग मोकळा. वर पोरांच्या तोंडावर आता कुणी हात ठेवत नव्हतं, तरी सगळे गप्प झाले.

बराच वेळ गेला. चिटणीस येऊन माझ्या कानात म्हणाले, टाकीतलं पाणी संपत आलंय, वर एवढी माणसं आहेत, रात्र काढायचीय. नळाचं पाणी तर कालपासून गढूळच येत होतं, टाकी पालिकेच्या टँकरनं भरलेली. मी दार ठोठावायला हात उचलला. मॅडमनी तो धरून खाली आणला, फोन कानाला लावला आणि दुसरा टँकर मागवला.