बारा चित्रांत नसलेली गॅलरी

आरव, सई, तुमच्या आजीने भुताखेतांच्या गोष्टींना कधी थारा दिला नाही. तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून एकदाही थांबले नाही. तरी हे जसं घडलं तसं लिहिते.

धुळ्यात एक जुनं दगडी चर्च आहे, नाव मुद्दाम देत नाही. दर हिवाळ्यात तिथे मुलांचं गायन आणि चित्रप्रदर्शन असतं. गायन माझी मैत्रीण सुशीला बसवते, चित्रांचं मी बघते. त्यासाठी जळगावहून आधी जाऊन राहते.

गेल्या वर्षी शनिवारी सकाळी गाण्यातल्याच बारा मुलांना मी वेदीकडे पाठ करून बसवलं. "समोर दिसतं ते काढा." समोर मुख्य दार, त्यावर लाकडी गॅलरी आणि तिच्यामागे रंगीत काचेची गोल खिडकी. गाणारी मुलं दरवर्षी या गॅलरीत उभी राहतात. खालून खिडकीचा वरचा अर्धाच भाग दिसतो, बाकी कठड्याआड.

दुपारी चित्रं दोरीला टांगताना माझा हात थांबला. बाराही चित्रांत गॅलरी नव्हती. खिडकी पूर्ण गोल... आणि तिच्या खालच्या भागात प्रत्येकाने निळी सुरई काढलेली.

शिरपूरकडची नऊ वर्षांची धनश्री जवळच होती. विचारलं, "गॅलरी का नाही काढलीस गं?"

"दखीसनच काढं बाई. तठे काहीच नव्हतं." बघूनच काढलं, म्हणत होती.

"एकमेकांचं बघितलंत ना?"

"नही बाई. तुम्हीनच ते लांब लांब बसाडं."

ते खरं होतं. गॅलरीला कुलूप होतं आणि ही मुलं नवी. वर कोणी गेलेलंच नव्हतं. मी पाळकसाहेबांकडून किल्ली आणली, वर जाऊन कठड्यामागे वाकले. काचेत निळी सुरई होती. तिचा धरायचा कान डावीकडे — चित्रांत होता तसाच. फळ्या नेहमीसारख्याच वाटल्या, तरी मी भिंतीला धरून उतरले.

सुशीलाला म्हटलं, "मुलांना खाली उभं कर."

"का? वरून आवाज कसा पसरतो, माहीत आहे ना तुला?"

"जिना हलतोय."

खोटं होतं ते. पण चित्रांत गॅलरी नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"तुझ्यातली हेडबाई काही रिटायर होत नाही," ती म्हणाली. पण मानलं.

रविवारी संध्याकाळी मुलं वेदीसमोर रांगेत उभी राहिली. लोक येऊ लागले होते. सुशीलाला वह्या ठेवायला स्टँड हवा होता, तो वर गॅलरीत. कुलूप शनिवारपासून उघडंच राहिलं होतं. मी "थांब" म्हणेपर्यंत ती वर पोचलीसुद्धा.

"अगं, जिना तर ठणठणीत आहे," ती वरून हसली. "उगाच आपलं..."

मग लाकूड मोडल्याचा आवाज. तिचा पाय मांडीपर्यंत फळीतून खाली आला. चप्पल दारापाशी पडली.

दुसऱ्या दिवशी सुताराने फळ्या बोटांनी चुरून दाखवल्या. आतून वाळवीने खाल्लेल्या. "बारा पोरं उभी राहिली असती तर, अक्का..." एवढंच म्हणाला.

वाळवीचं समजतं. मुलांना काय दिसलं आणि कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

सुशीला आता काठी घेऊन चालते. खरं कारण सांगितलं असतं तर ती हसली असती, पण वर गेली नसती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळच्या बसने धुळ्याला निघतेय. हे आधी तिला वाचून दाखवीन, मग तुम्हाला पाठवीन.