बायजीच्या दारातली दिवाबत्ती

एकनाथ ग्रामसेवक झाला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण गावाचा विकास करणार. पाच वर्षांत त्याला कळलं, आपण गावाची वसुली करणार.

डहाणूहून सकाळची एसटी धरून तो गंजाडच्या पुढे उतरायचा आणि पाड्यांवर पायी फिरायचा. घरपट्टी मागायचा, दिवाबत्ती कर मागायचा. चहा नको म्हणायचा आणि प्यायचा. आदल्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशीत, वसुली कमी पडली म्हणून त्याची वेतनवाढ रोखली होती. या मार्चअखेर शंभर टक्के वसुली झाली तर ती सुटणार होती. वर पंचायतीला बक्षीस म्हणून अनुदान. तलासरीकडच्या एका ग्रामसेवकाने शंभर टक्के गाठून हारासकट फोटो काढून घेतला होता. तो फोटो एकनाथच्या बायकोने, लतिकाने, पाहिला. तेव्हापासून घरातली शांतता गेली.

सगळ्या गावाचं भरून झालं. राहिली एकटी म्हातारी बायजी.

घरपट्टी तिने मागण्याआधीच दिली होती. दिवाबत्तीला मात्र ती हलेना.

"दिवा कुठं हाय, भाऊसाहेब?"

एकनाथने तिच्या दारासमोरचा खांब दाखवला. खांबांचा खर्च एका योजनेतून झाला होता. तारा आणि बल्ब दुसऱ्या योजनेतून यायचे होते. ती योजना वाटेत होती. तालुक्याच्या तक्त्यात मात्र पाडा केव्हाच उजळला होता.

"ह्याला मी म्हैस बांधते," बायजी म्हणाली. "म्हैस बांधायची पट्टी घे, खुशीनं देते. दिव्याची कशी देऊ?"

एकनाथने खरोखर विचार केला. म्हैस बांधण्याचा कर कुठल्याच नियमात बसत नव्हता.

"आजी, या वर्षी भर. पुढच्या वर्षी दिवा येईल."

"मग पुढच्या वर्षी ये."

दुसऱ्या संध्याकाळी तो घरचा कंदील घेऊन आला. शिडी लावून त्याने तो खांबाला टांगला. खालून म्हैस बघत होती.

"हा घे दिवा."

"एका रातीचा दिवा नि वर्साची पट्टी?" बायजी म्हणाली. "मार्च सरू दे. रोज लावलास तर देईन."

एकनाथ रोज लावू लागला. परतीची एसटी चुकायची. मग बायजीकडे नागलीची भाकर आणि सुकट खाऊन तो पंचायतीच्या बाकावर झोपायचा. उजेड बघून शेजारीपाजारी जमू लागले. त्यातल्या हिरूने एकदा विचारलं, "भाऊसाहेब, आम्ही पट्टी भरली तर आमच्या दारात अंधार. हिनं नाय भरली तर हिच्या दारात दिवा. हे कसं?"

एकनाथने कंदिलाकडे पाहिलं.

"हे धोरण आहे," तो म्हणाला.

घरी लतिका निराळंच विचारत होती. "रेशनचं रॉकेल संपलं. माझा स्टोव्ह थंड आणि तुमची दिवाबत्ती गंजाडला?"

"वेतनवाढीसाठी चाललंय."

"वेतनवाढ मिळेल तिचंही रॉकेलच होईल."

मार्चच्या शेवटच्या दिवशी बायजीने पदराची गाठ सोडली आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. शंभर टक्के. डहाणूला सत्कार झाला. एकनाथला हार मिळाला, वेतनवाढ मिळाली, फोटो निघाला. लतिकाने तो कपाटाच्या काचेत लावला आणि कंदील माळ्यावर टाकला.

अनुदानही आलं. ते दिव्यांना वापरता येत नव्हतं, पाण्याच्या कामाला आलं होतं. त्यातून बायजीच्या घराशेजारी सिमेंटचं नळकोंडाळं उभं राहिलं. वर पितळेची चकचकीत तोटी. पाइप दुसऱ्या योजनेतून यायचा होता.

पुढच्या वर्षी पावतीवर एक ओळ वाढली. पाणीपट्टी.

मार्च लागला तसा एकनाथ पाड्यावर गेला. बायजी ओट्यावर बसली होती. शेजारी दोन रिकामे हंडे मांडून ठेवले होते.

"विहीर खाली उतारावर हाय, भाऊसाहेब," ती म्हणाली. "वाट निसरडी हाय. सांभाळून जा."

एकनाथने बाह्या दुमडल्या आणि हंडे उचलले. वर्षभरात म्हशीला पारडू झालं होतं. ते नळाला बांधलेलं होतं.